‘स्त्री’ खोडायला सहा बॅकस्पेस

गेल्या वर्षी आमच्या घरी लग्न होतं. आदल्या रात्री आत्याने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला : “आचार्याला पहाटे पाचला बोलावलंय. कुणीतरी उठून चहा द्या.” दोन मिनिटांत काकांचं उत्तर : “कुठले आचार्य? अत्रे की विनोबा?” झालं, मग लग्न लागेपर्यंत तेच चाललं होतं. येणार होता तो बिचारा स्वयंपाकाचा आचारी.

“अगं, मी बरोबरच लिहीत होते,” आत्या नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाली. “पण तो वाऱ्यातला र माझ्या फोनमध्ये नाहीच. आणि खोडायला जावं तर निम्मंच खोडलं जातं. मला काही हे जमायचं नाही.”

मी दिवसभर मराठी टाइप करून पोट भरते, त्यामुळे शेवटचं वाक्य जरा लागलं. ज्या बाईने चाळीस वर्षं वळणदार अक्षरात वाणसामानाच्या याद्या लिहिल्या, तिला मराठी ‘जमत नाही’? माणूस आणि यंत्र यांचं बिनसलं की माणूस बहुतेक वेळा स्वतःलाच बोल लावतो. इथे चूक आत्याची नव्हती. फोनचीही म्हणता येणार नाही. आपण मराठी वाचतो ती डोळ्याने, आणि संगणक मराठी साठवतो ती कानाने. या दोघांच्या मध्ये जी शिवण आहे, तिथे आत्याचं बोट अडकलं होतं.

संगणकाच्या पोटात अक्षर नसतंच, आकडा असतो. ‘क’ म्हणजे २३२५, ‘म’ म्हणजे २३५०. हे आकडे युनिकोड नावाच्या जागतिक यादीने ठरवले. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. देवनागरीला तिच्यात २३०४ ते २४३१ अशी १२८ घरं आहेत. आपला रोजचा र २३५२ क्रमांकाच्या घरात राहतो आणि आत्याला हवा असलेला ऱ अगदी भिंतीला भिंत लावून, २३५३ मध्ये. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ या दोन्ही शब्दांत नऊ-नऊ आकडे आहेत. त्यातले आठ तंतोतंत सारखे. चौथा तेवढा एकाने बदलला, की स्वयंपाकघरातला माणूस थेट व्यासपीठावर जाऊन बसतो.

आता ‘स्त्री’ हा शब्द घ्या. शाळेत बाईंनी विचारलं असतं तर आपण म्हटलं असतं, एकच अक्षर, जोडाक्षर. संगणकासाठी ते सहा आकडे आहेत : २३६० म्हणजे स, २३८१ म्हणजे पाय मोडल्याची खूण, २३४० म्हणजे त, परत २३८१, मग २३५२ चा र आणि शेवटी २३६८ ची दुसरी वेलांटी. पाय मोडायची खूण हा इथला सगळ्यात कामसू आकडा. तो स्वतः क्वचितच दिसतो. अलीकडच्या आणि पलीकडच्या व्यंजनांची गाठ मारतो आणि बाजूला होतो. ती गाठ कशी दिसायची, म्हणजे अर्धा स पुढे येणार, त आणि र एकमेकांत मिसळून त्र होणार, हे फॉन्ट आणि त्याच्या जोडीचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर ऐनवेळी ठरवतात. पडद्यावर दिसते ती रांगोळी. पोटात असतात ते नुसते ठिपके, एका ओळीत.

हे बघायचं असेल तर कुठेही ‘स्त्री’ लिहा आणि बॅकस्पेस एकेकदा, सावकाश दाबा. बहुतेक ठिकाणी असं होईल : आधी वेलांटी जाईल, ‘स्त्र’ उरेल. मग र जाईल आणि त लंगडा होईल, ‘स्त्’. तिसऱ्यांदा दाबलं तर काही पुसण्याऐवजी त बराच होतो, ‘स्त’, कारण पुसली गेली ती पाय मोडल्याची खूण. मग ‘स्’, मग ‘स’, मग मोकळी जागा. सहा वेळा. आता तोच शब्द परत लिहून कर्सर त्याच्या आधी ठेवा आणि डिलीटचं बटण दाबा. बऱ्याच ठिकाणी एका फटक्यात सगळी ‘स्त्री’ नाहीशी होते.

हा वेडेपणा वाटतो, पण त्यामागे विचार आहे. बॅकस्पेस म्हणजे ‘आत्ता चुकून दाबलं ते परत घे’. वेलांटी चुकली तर तेवढीच दुरुस्त व्हावी, सगळं जोडाक्षर परत लिहायला लागू नये. डिलीट म्हणजे ‘हे समोर दिसतंय ते नको’, आणि समोर तर एकच आकृती दिसते. एक बटण लिहिणाऱ्या हाताच्या बाजूने विचार करतं, दुसरं वाचणाऱ्या डोळ्याच्या. मला विचाराल तर दोन्ही योग्य आहेत. फक्त हे कुणी कधी सांगितलेलं नसतं.

मग ‘स्त्री’त अक्षरं किती? माणूस म्हणतो एक, आकडे म्हणतात सहा. गंमत म्हणजे युनिकोडचा स्वतःचा अक्षरं मोजायचा नियम बरीच वर्षं म्हणत होता तीन : स्, त् आणि री. पाय मोडला की अक्षर संपलं, असा तो हिशेब. देवनागरी जोडाक्षर सबंध एक धरायचं, हे त्या नियमात आलं २०२३ मध्ये, युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत. यादी सुरू होऊन बत्तीस वर्षं झाल्यावर! त्यामुळे आजही एखाद्या ॲपमध्ये कर्सर जोडाक्षराच्या मधोमध जाऊन उभा राहतो, तर दुसऱ्यात टुणकन पलीकडे उडी मारतो. ज्याने जुना नियम वापरला तो एक वागणार, ज्याने नवा उचलला तो दुसरं.

कानाने साठवणं म्हणजे काय, ते ‘किर्तन’ की ‘कीर्तन’ या जुन्या भांडणाकडे न जाताही दाखवता येतं. ‘कि’ लिहिताना हात आधी वेलांटी काढतो की क, हा ज्याच्या-त्याच्या सवयीचा प्रश्न, पण कागदावर पहिली वेलांटी क च्या डावीकडे असते. उच्चारात मात्र क आधी आणि इ नंतर. युनिकोड उच्चाराचं ऐकतं : आधी क, मग वेलांटी. तसंच ‘दर्शन’मधल्या रफाराचं. तो बसलेला दिसतो श च्या डोक्यावर, बोलताना मात्र श च्या आधी येतो. पोटात क्रम द, र, पाय मोड, श, न. आपण म्हणतो तसाच.

टाइपरायटरवर हे बरोबर उलटं होतं. गोदरेजने भारतातला पहिला देशी टाइपरायटर १९५५ साली काढला, आणि पुढे कचेऱ्या-कोर्टांतून मराठीची खडखड चालली ती अशाच यंत्रांवर. त्या यंत्राला उच्चाराशी देणंघेणं नव्हतं. चाळीस-पन्नास बटणं, शिफ्ट धरून त्याच्या दुप्पट ठसे, आणि त्यात शेकडो जोडाक्षरांची ही लिपी बसवायची. मग युक्ती काढली ती चित्रकाराची. अक्षराचे सुटे भाग पाडले. ‘ख’, ‘भ’, ‘घ’, ‘श’, ‘ण’ यांना पूर्ण ठसा नव्हताच. अर्धं अक्षर मारायचं आणि शेजारी काना मारायचा, झालं पूर्ण अक्षर. पहिली वेलांटी दिसते आधी, म्हणून मारायचीही आधी. वरची मात्रा मारताना गाडी पुढे सरकत नसे, म्हणजे खालच्या अक्षरावर ती नीट बसे. टायपिंग क्लासमध्ये बोटं घडवून मिनिटाला तीस शब्दांची सरकारी परीक्षा पास झालेल्या पिढीच्या हातात हा चित्रांचा क्रम मुरला. तीस शब्द, गंमत नव्हे.

मग डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचा जमाना आला आणि टाइपरायटरची हीच युक्ती संगणकात शिरली. कृतिदेव, शिवाजी, सुरेख अशा नावांचे ते फॉन्ट आठवत असतील. त्यांचं तंत्र म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे. संगणक समजायचा की आपण इंग्रजी लिहितोय. फॉन्ट त्या जागी मराठी आकृत्या रंगवायचा. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं तर पोटात असायचं ई, जे, के, मोठा बी आणि एच. फाइल दुसऱ्याकडे गेली, त्याच्याकडे तो फॉन्ट नसला, की लग्नपत्रिकेवर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कुणीतरी मांजर कीबोर्डवरून चालवल्यासारखं दिसायचं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास दुकानादुकानांतून पेनड्राइव्हवर आधी फॉन्ट आणि मग मजकूर न्यायची पद्धत होती ती यासाठीच.

याचं नुकसान आपण अजून भरतोय. त्या काळात टाइप झालेली पुस्तकं, अंक, कागदपत्रं दिसायला मराठी आहेत, पण शोधता येत नाहीत, कारण संगणकाच्या लेखी तिथे मराठी नाहीच. अलीकडच्या पीडीएफमधून मराठी उचलून दुसरीकडे चिकटवताना वेलांट्या उड्या मारतात आणि जोडाक्षरं फुटतात, तेही या जातीचंच दुखणं. पीडीएफ मुळात छपाईसाठी आहे. कुठली आकृती कुठे काढायची हे त्यात पक्कं असतं. त्या आकृतीमागचे आकडे नीट जपले नसतील तर उचलताना चिंध्या हाती येतात.

कानाचा रस्ता मात्र आपल्याकडेही तेव्हाच आखला जात होता, आणि हे श्रेय आपण फारसं कुणाला देत नाही. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर झालेल्या कामातून ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आलं आणि पुढे ते १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत वाढलं. संगणकात एक कार्ड बसवायचं, की साधा पीसी देवनागरी लिहू लागे. त्यामागची कल्पना फार सुंदर होती : ब्राह्मीपासून आलेल्या आपल्या लिप्यांचे चेहरे वेगळे असले तरी वर्णमाला एकाच घराण्याची आहे, मग संकेत एकाच साच्यात का ठेवू नयेत? तो साचा म्हणजे ‘इस्की’. भारतीय मानक म्हणून तो १९९१ मध्ये पक्का झाला, आणि त्याच्या १९८८ च्या रूपावरून युनिकोडने आपली मांडणी घेतली. म्हणून देवनागरी क २३२५, बंगाली क २४५३, गुरुमुखी २५८१, गुजराती २७०९. वजाबाकी करून बघा, दर वेळी बरोबर १२८.

त्याच विचारातून आला इनस्क्रिप्ट कीबोर्ड. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क आणि ख एकाच बटणावर, ख साठी शिफ्ट. तसेच त-थ, प-फ, ग-घ. पाय मोडायचं बटण डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, कारण ते सारखं लागतं. आपल्या बोलण्यात व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर असं चालतं, तसे हातही उजवा-डावा, उजवा-डावा असे चालतात. लय लागली की मृदंगावर बसल्यासारखं वाटतं. मी पंधरा दिवस रडत शिकले आणि नंतर मागे वळून पाहिलं नाही. पण मान्य करते, कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं छापलेली असताना हे शिकायचं म्हणजे अंधारात जिना चढणं. विंडोज एक्सपीच्या दिवसांत तर मराठी सुरू करायलाच सेटिंगमध्ये कुठेतरी आत लपलेल्या एका चौकटीत खूण करावी लागे आणि वर मूळ सीडी मागितली जाई. एवढं केल्यावर कीबोर्ड शिकायला अंगात बळ कुणाच्या राहणार?

त्यामुळे लोकांनी तिसरी वाट धरली : इंग्रजीत लिहा, मशीन मराठी करील. गमभनसारख्या साधनांनी इंटरनेटवरच्या मराठी मंडळींच्या एका पिढीला लिहितं केलं, आणि आज फोनवर कितीतरी जण असंच लिहितात. शिकायला शून्य श्रम. किंमत नंतर मोजावी लागते. रोमन लिपीत ‘के-ए-एल’ लिहिलं तर तुम्हाला काल हवा आहे, कल, की पोटात आलेली कळ? ण आणि न, ळ आणि ल, पहिली-दुसरी वेलांटी, सगळं मशीन अंदाजाने लावतं. अंदाज कशावरून? लोकांनी आधी जे जास्त वेळा लिहिलं त्यावरून. छापील मराठीत आचार्य भरपूर, आचारी थोडे. आत्याच्या फोनने काय केलं असावं, ते आता लक्षात येईल.

त्या ऱ ची कहाणी आणखी जरा सांगते, कारण तो निखळ मराठी प्रश्न आहे. वाऱ्यावर, दऱ्या, तऱ्हा, सुऱ्या यांतला तो आडवा र हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये २३५३ चं घर मुळात द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत लिहिता यावा म्हणून आहे. त्याचा पाय मोडला की आपला आडवा र होतो. त्या घरात आपण पोटभाडेकरू. पण याच आकृतीला दुसराही रस्ता आहे : साधा र, पाय मोड, आणि त्यानंतर एक अदृश्य सांधा, ज्याला रुंदीच नाही. दोन्हीकडून पडद्यावर एकच ‘वाऱ्या’ दिसतो. पोटात मात्र दोन वेगळे शब्द. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने शोधलं तर, सॉफ्टवेअरने वेगळी काळजी घेतली नसेल तर, ‘काही सापडलं नाही’.

‘ॲप’चंही तसंच. ॲ ला स्वतःचं घर, २४१८, मिळालं २००८ मध्ये. पुढच्याच वर्षी राज्य शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही ॲ अधिकृतपणे आला. त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र चढवत, म्हणजे दोन आकडे. अजूनही कित्येक जण तसंच करतात आणि त्यांना ते कळतही नाही. एखाद्या यादीत वकिलांचं नाव सापडलं नाही तर ‘ॲड.’ दोन्ही प्रकारे लिहून बघा. माझा एक अख्खा दुपार-संध्याकाळचा वेळ अशा एका चंद्राने खाल्ला आहे. आणि कधी एखाद्या मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं, तर समजा की मात्रेला बसायला व्यंजन मिळालेलं नाही. वर्तुळ म्हणजे रिकामी खुर्ची.

या सगळ्याला पैशाचीही बाजू आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीत त्यात १६० अक्षरं बसतात, मराठीत ७० आकडे. त्यातले सहा ‘स्त्री’ने घेतले. आता लोक ज्या एआयशी गप्पा मारतात, ती मॉडेल मजकुराचे तुकडे पाडून वाचतात, आणि ते तुकडे कसे पाडायचे हे शिकतात मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून. इंग्रजी शब्द बरेचदा सबंध गिळला जातो, मराठी शब्दाचा चिवडा होतो. कामाचं बिल जिथे तुकड्यांवर लागतं, तिथे तेवढंच बोलणं मराठीत महाग पडतं.

बोलून लिहिण्याची सोय गूगलने मराठीसाठी २०१७ मध्ये दिली, आणि आमच्या घरातल्या निम्म्या ज्येष्ठांनी टायपिंग सोडलंच. एका अर्थी कानाने साठवलेल्या लिपीला शेवटी कानाचीच वाट मिळाली. ‘आचाऱ्याला’ म्हणताना र हलका निसटतो, ‘आचार्याला’ म्हणताना जीभ र वर दाब देते आणि च लांबतो. हा फरक फोनला कधी ऐकू येतो, कधी नाही. मागे प्रेशर कुकरची शिट्टी असेल तर नाहीच.

आत्या मात्र बोलून लिहायला तयार नाही. “शेजारी ऐकतात,” ती म्हणते. मग एका दुपारी आम्ही दोघी तिचा फोन घेऊन बसलो. रोमन बंद केलं, मराठी अक्षरांचा कीबोर्ड लावला. र वर तिने बोट दाबून धरलं आणि वर एक छोटी पट्टी उघडली. तिथे ऱ बसलेला होता. “हा इथे लपलाय होय!” तिने पाय मोडला, य लिहिला, काना दिला. चष्मा वर करून दोनदा वाचलं. आणि लग्नाला दोन महिने होऊन गेल्यावर ग्रुपवर एकच ओळ टाकली :

“आचाऱ्याचे उरलेले पैसे कुणी दिले?”

तिन्ही काकांच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.